नंबर लागेपर्यंत: प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या नातेवाइकाला पैशाचा आधार कसा द्यावा

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एखाद्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, की भावकीत आणि पाहुण्यांत पहिला प्रश्न निघतो तो ऑपरेशनला किती लागतात हा. प्रश्न खरा आहे, पण अपुरा आहे. ऑपरेशनसाठी सरकारी योजना आहे, धर्मादाय रुग्णालयाची सवलत आहे, मुख्यमंत्र्यांचा निधी आहे. घर मोडतं ते त्याच्या आधी. कर्ता माणूस आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातो, सोबत घरातलं एक माणूस जातं, दोघांचा रोज बुडतो, शेताकडे पाहायला कुणी उरत नाही आणि हे किती दिवस चालेल ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. नातेवाइकांनी आपला पैसा योजनेचा पैसा पोहोचत नाही तिथे घालावा, असं माझं ठाम मत आहे. पुढची सगळी माहिती त्याच हिशेबाने मांडली आहे. उदाहरणं बहुतेक किडनीची आहेत, कारण वाट पाहणाऱ्यांत सर्वांत जास्त रुग्ण किडनीचेच असतात.

यादी कुठे असते

देशात अवयवदान आणि प्रत्यारोपण १९९४ च्या कायद्याखाली चालतं. २०११ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. महाराष्ट्रात अवयववाटपाची चार विभागीय केंद्रं आहेत: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. अशा प्रत्येक केंद्राला सगळे झेडटीसीसी म्हणतात. मराठवाड्याची यादी संभाजीनगरच्या केंद्रात असते. रुग्णाने तिथे स्वतः अर्ज करायचा नसतो. प्रत्यारोपणाची मान्यता असलेलं रुग्णालय त्याच्या तपासण्या करून नाव नोंदवतं. किडनी प्रत्यारोपणाची सोय जालन्यापासून साठेक किलोमीटरवर, संभाजीनगरच्या एमजीएम किंवा कमलनयन बजाजसारख्या रुग्णालयांत आहे. हृदय किंवा फुफ्फुसासाठी मात्र मुंबई-पुणे गाठण्याची तयारी ठेवावी लागते.

नोंदणी एका वेळी एकाच रुग्णालयात होते. म्हणून रुग्णालय निवडतानाच राहण्याची, जेवणाची आणि सोबतीची सोय कुठे होईल याचा विचार करावा. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने आपल्या घरातली एक खोली देऊ केली, तर तीही पैशाचीच मदत आहे, कारण भाड्याचे पैसे वाचतात.

मराठवाड्यात मेंदूमृत दात्याचं पहिलं अवयवदान जानेवारी २०१६ मध्ये झालं. म्हणजे इथली ही व्यवस्था अजून तरुण आहे, आणि दाते मोजकेच मिळतात. वाट वर्षांची असू शकते असं धरूनच पैशाचं नियोजन करावं. कुणी फोन करून पैसे दिल्यास नंबर वर सरकवतो असं सांगितलं, तर तो भामटा आहे. रक्तगट, प्रतीक्षेचा काळ आणि वैद्यकीय निकष यांवर क्रम ठरतो. अशा फोनची माहिती रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला लगेच द्या.

डायलिसिसचा आठवडा

रक्ताचं डायलिसिस एका वेळी साधारण चार तास चालतं. मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या एखाद्या वाडीतून निघालेल्या माणसाचा मात्र सबंध दिवस जातो, आणि दुसरा दिवस थकव्यात. डायलिसिस मोफत मिळण्याचे दोन रस्ते आहेत. केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत ते मोफत होतं. दुसरा रस्ता महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेचा. योजनेत असलेल्या खाजगी रुग्णालयातही त्यातून डायलिसिस होतं. जालन्यात जागा नाही असं एका ठिकाणी ऐकलं म्हणून थांबू नका. प्रतीक्षेत नाव लिहून ठेवा आणि योजनेतल्या दुसऱ्या रुग्णालयात विचारा.

गाव फार लांब असेल तर पोटाच्या डायलिसिसबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. ते घरीच करतात. त्यासाठी स्वच्छ खोली, हात धुण्याची शिस्त आणि शिकून घेतलेलं एक माणूस लागतं. पिशव्यांचा खर्च येतो, पण वाटखर्च आणि बुडालेले रोज जमेस धरले तर काही घरांना ते परवडतं. सगळ्यांनाच चालतं असं नाही, डॉक्टरच सांगतील.

प्रवासाच्या सवलती बरेच जण घेत नाहीत, कारण माहीतच नसतात. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे. महिलांना २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे, म्हणजे सोबत बायको किंवा बहीण जात असेल तर तिचाही खर्च कमी होतो. रेल्वेत किडनीच्या रुग्णाला प्रत्यारोपणासाठी किंवा डायलिसिससाठी जाताना स्लीपर, चेअर कार आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात ७५ टक्के सवलत मिळते, आणि सोबतच्या एका माणसालाही मिळते. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन तिकीट खिडकीवर द्यावा लागतो. हा दाखला आणून देणं, त्याच्या झेरॉक्स काढून ठेवणं हे काम घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराने करावं.

आता उरतं ते: रक्त वाढवण्याची इंजेक्शनं, रक्तदाबाच्या गोळ्या, बाहेरच्या तपासण्या, एसटी नसलेल्या वेळची रिक्षा, आणि सोबतच्या माणसाचं जेवण. रकमा लहान दिसतात, पण थांबत नाहीत. मदत करायची असेल तर घरच्या बाईला जवळ बसवून एका महिन्याचा असा फुटकळ खर्च लिहून काढा. पुरुष माणसं आकडा मोठा सांगतात किंवा लाजेने काहीच सांगत नाहीत. डबा भरणारी आणि गोळ्या मोजणारी बाई नेमका आकडा सांगते. तेवढी रक्कम दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यावर टाकणं, हे एकदाच दिलेल्या पन्नास हजारांपेक्षा घराला जास्त उपयोगी पडतं.

यकृताच्या रुग्णाला डायलिसिससारखा आधार नसतो. पोटात पाणी साठणं, रक्ताची उलटी, भान हरपणं अशा कारणांनी अचानक भरती करावं लागतं. त्या घराला महिन्याच्या रकमेऐवजी हाताशी राखून ठेवलेली एकरकमी गंगाजळी लागते.

शेत पडू देऊ नका

कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी ही कामं थांबत नाहीत. मोसंबीची बाग तर त्याहून नाजूक. एका उन्हाळ्यात पाणी चुकलं तर अनेक वर्षं वाढवलेली झाडं वाळतात आणि ती परत उभी करायला पुन्हा तितकीच वर्षं लागतात. ज्या भावाकडे रोख पैसा नाही त्याने वेचणीच्या दोन आठवड्यांत बायकापोरांसह येऊन शेत उरकून दिलं, किंवा मेव्हण्याने उन्हाळाभर बागेचं पाणी सांभाळलं, तर ती मदत रुपयांत मोजली तर लाखाच्या घरात जाईल.

पीककर्जाकडेही एखाद्याने लक्ष ठेवावं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर महाराष्ट्रात शेतकऱ्याला व्याज पडत नाही. आजारपणाच्या धांदलीत मुदत टळते, खातं थकीत होतं, व्याज चढतं, आणि पुढच्या हंगामाला बँक दारात उभं करत नाही. मग बियाणं-खतासाठी सावकार. नातेवाइकाने मुदतीच्या आत ती रक्कम भरून कर्ज नवं-जुनं करून दिलं, तर नवं कर्ज मिळताच त्याचे पैसे परत येऊ शकतात, आणि घराची बँकेतली पत शाबूत राहते.

जमीन विकण्याआधी

एक एकर विकून टाकू, हे वाक्य आजाराच्या पहिल्याच महिन्यात बोललं जातं. घाईत विकलेल्या जमिनीला भाव येत नाही, आणि गरजवंत कोण आहे हे गिऱ्हाईक बरोबर ओळखतं. आधी योजना, मग सवलत, मग नातेवाइकांची मदत, मग बँकेतलं सोनेतारण. जमीन सगळ्यांत शेवटी. सोनं विकण्यापेक्षा तारण ठेवणं बरं, पण तारणाचं व्याज कोण भरणार हे ठेवतानाच ठरवा, नाहीतर वर्षाने दागिना लिलावात जातो. अनेकदा ते बाईचं स्त्रीधन असतं. तिला न विचारता तो निर्णय घेऊ नये.

सावकाराकडे जावंच लागलं तर परवाना असलेल्याकडे जा आणि पावती घ्या. महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपर्यंतच व्याज लावता येतं. बिगरशेतकऱ्याला हेच दर १५ आणि १८ आहेत. महिन्याला पाच टक्के घेणारा बेकायदा वागतो. व्याजाच्या बदल्यात खरेदीखत करून घेणं हा तर जुना डाव. सावकारीतून अशी गेलेली जमीन, व्यवहाराला पंधरा वर्षं झाली नसतील तर, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून परत मागता येते. तरीही आजाऱ्याच्या घरी असलं भांडण ओढवू नये हेच खरं. भावकीतल्या जाणत्याने खरेदीखताच्या दिवशी सोबत उभं राहावं आणि कागद वाचावा.

ऑपरेशनचे पैसे कुठून उभे राहतात

इथे कागदांचं काम जास्त आहे. म्हणून घरातल्या एकाच माणसाने ते आपल्याकडे घ्यावं.

पहिली फुले योजना. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. आता ती आयुष्मान भारतसोबत चालते. विमा संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आहे, आणि पिवळ्या, केशरी, पांढऱ्या अशा सगळ्या शिधापत्रिकांना ती लागू आहे. किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा पूर्वी अडीच लाख होती. २०२३ च्या शासन निर्णयाने ती साडेचार लाख केली. हृदय, फुफ्फुस, यकृत अशा पाच लाखांच्या वर जाणाऱ्या उपचारांसाठी वेगळा राखीव निधी उभारण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये घेतला. कुठलं रुग्णालय कुठल्या उपचारासाठी योजनेत आहे हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि भरती होण्याआधी विचारा. शिधापत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ती दुरुस्ती आजच करा. नावातल्या एका वेलांटीमुळे मंजुरी अडकते, आणि दुरुस्तीला लागणारे आठवडे नंबर लागल्यावर मिळत नाहीत.

दुसरी धर्मादाय रुग्णालयं. विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. काउंटरवर उभं राहून सवलत मागत बसू नका. समाजसेवा अधिकाऱ्याची खोली शोधा.

तिसरा मुख्यमंत्री सहाय्यता निधी. यातून दोन लाखांपर्यंत मदत मिळू शकते. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार आहे. रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं; ते खाजगी रुग्णालयाचं असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची मान्यता लागते, आणि प्रत्यारोपण असेल तर झेडटीसीसीची किंवा शासकीय समितीची मंजुरीही. मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. ऑपरेशन आटोपल्यावर खर्च परत मिळत नाही, म्हणून अर्ज आधीच हवा. जिल्हाधिकारी कार्यालयात या निधीचा कक्ष आहे, मंत्रालयाची वारी करायची गरज नाही. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतूनही किडनी प्रत्यारोपणाला मदत मिळते. त्या अर्जासोबत खासदारांचं शिफारसपत्र लोक जोडतात.

याखेरीज सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा ट्रस्ट अशा संस्था रुग्णांना मदत करतात. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून दुर्धर आजाराच्या ग्रामीण रुग्णांना थोडी रक्कम मिळते. पंचायत समितीत विचारा. रकमा लहान असतात, पण चार ठिकाणांहून आल्या की साधारण औषधांचा महिना निघतो.

प्रत्येक अर्जाला जवळपास तेच कागद लागतात: आधार, शिधापत्रिका, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अंदाजपत्रक, डॉक्टरांचा अहवाल, बँक पासबुक. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रत्येकाच्या दहा झेरॉक्स ठेवा आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपण्याआधी नवा काढा.

रुग्ण कामगार असेल तर

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद कारखान्यांत हजारो जण काम करतात. रुग्ण किंवा ज्याच्यावर तो अवलंबून आहे तो राज्य कामगार विमा योजनेत (ईएसआय) असेल, तर उपचाराचा मोठा भार ती योजना उचलते. दीर्घ आजारांच्या यादीतला आजार असेल आणि नोकरीची अट पूर्ण होत असेल, तर कामगाराला पगाराच्या ८० टक्के भत्ताही दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी उचललेली रक्कम परत भरावी लागत नाही. नोकरी सोडण्याचा विचार मनात असेल तर तो ही सगळी चौकशी झाल्यावर करा. घाईने दिलेल्या राजीनाम्याने हे हक्क जातात.

देणाऱ्याचाही रोज बुडतो

कधी यादीतल्या नंबरची वाट न पाहता घरातलंच कुणी जिवंतपणी अवयव देतं. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा, बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं यांना कायदा जवळचे नातेवाईक मानतो. भावजय, मेव्हणा, सून, जावई त्यात बसत नाहीत. त्यांना द्यायचं असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. घरातल्या दात्याचा रक्तगट जुळत नसेल, तर तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करता येते. २०११ च्या दुरुस्तीने त्याला मान्यता दिली आहे.

अवयवाचा पैशाने व्यवहार हा मोठा गुन्हा आहे: पाच ते दहा वर्षं तुरुंगवास आणि वीस लाख ते एक कोटी दंड. पण याच कायद्यात मोबदल्याची व्याख्या करताना एक गोष्ट वगळली आहे, आणि ती गावातल्या फार थोड्यांना माहीत असते. दात्याला अवयव दिल्यामुळे झालेला वाजवी खर्च आणि त्याची बुडालेली कमाई भरून देणं हा व्यवहार धरला जात नाही. बहिणीने भावाला किडनी दिली, तर तिच्या प्रवासाचा, तपासण्यांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च देणं कायदेशीर आहे. त्याचा हिशेब आणि पावत्या ठेवा.

हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियाच जास्त असतात. आई, बायको, बहीण देते आणि टाके सुकायच्या आत चुलीपुढे बसते. ऑपरेशननंतर साधारण दीड-दोन महिने तिने हंडा उचलू नये, निंदणीला जाऊ नये. त्या दोन महिन्यांत घरात स्वयंपाकाला आणि पाण्याला माणूस ठेवण्याचे पैसे कुणीतरी आधीच बाजूला काढून ठेवले पाहिजेत. कुठलीच योजना ते देत नाही. पाहुण्यांनी काय द्यावं असं मला कुणी विचारलं, तर पहिलं उत्तर हेच असेल. शिवाय तिची वर्षातून एकदा तपासणी आयुष्यभर व्हायला हवी, तिचाही खर्च धरा.

उसने की मदत

पैसे देतानाच स्पष्ट बोला: हे परत हवेत की नकोत. हवे असतील तर कधी, ते साध्या कागदावर लिहा. नको असतील तर तसं चारचौघांत सांगा, म्हणजे रुग्णाच्या मनावर ओझं राहणार नाही. गावाने वर्गणी केली असेल, तर जमा आणि खर्च एका वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. रोख शक्यतो टाळावी. रुग्णालयाचं बिल परस्पर रुग्णालयाच्या खात्यात भरा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका माणसाकडून घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहेच. मोठी रक्कम देणार असाल तर आणखी एक बारकावा: काकाने पुतण्याला दिलेली भेट करमुक्त असते, पण पुतण्याने काकाला दिलेली वर्षाला ५० हजारांच्या वरची रक्कम काकाचं उत्पन्न धरली जाऊ शकते. चुलत-मावस भावंडांचंही तसंच. थेट रुग्णालयात भरलेलं बरं, त्याचं हेही एक कारण.

रात्री फोन आला तर

मेंदूमृत दात्याची किडनी मिळणार असेल तर फोन कुठल्याही वेळी येतो. काढलेली किडनी साधारण दिवसभरात बसवावी लागते, हृदयाला तर चार-सहा तासच मिळतात. म्हणून गाडीचं भाडं आणि सुरुवातीला भरायची रक्कम अशी एक वेगळी ठेव हात न लावता राखून ठेवावी. गावातल्या एका गाडीवाल्याशी बोलणी करून ठेवा. रुग्णालयात नोंदवलेले फोन नंबर बदलले असतील तर लगेच कळवा. बोलावूनही त्या वेळी प्रत्यारोपण होईलच असं नसतं, शेवटच्या जुळणीत नाव मागे राहू शकतं. तो रिकाम्या हाताने परतण्याचा खर्चही याच ठेवीतून निघतो.

नंतरची औषधं

प्रत्यारोपणानंतरचे पहिले काही आठवडे रुग्णालयाजवळ राहावं लागतं. खोलीचं भाडं, वारंवार रक्ततपासणी आणि जंतुसंसर्गापासून जपणं आलं. त्यानंतर नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या अवयव चालेल तोवर घ्याव्या लागतात. त्यांचा खर्च महिन्याला काही हजारांत जातो. पैसे संपले म्हणून चार दिवस गोळी चुकली, तर एवढ्या कष्टाने मिळालेली किडनी जाऊ शकते. जनऔषधी केंद्रात स्वस्त पर्याय मिळाला तरी कंपनी परस्पर बदलू नका. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी थोडी हलली तरी घोटाळा होतो, म्हणून डॉक्टरांना विचारून आणि पातळी तपासूनच बदला. चार भावंडं असतील तर तीन-तीन महिने वाटून घ्या, आणि गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी पुढची खरेदी झालेली असेल असं पाहा.